एम.एस.डब्ल्यू.चा अर्ज : केलेलं काम कागदावर कसं आणायचं

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी गटाच्या बैठकीला सगळ्याजणी मिळून ऐकत असाल.

आजचा विषय मी मुद्दाम निवडला. गेल्या काही दिवसांत एखाद्या गटाच्या बैठकीला गेले, की बैठक संपल्यावर एक जण मागे रेंगाळते. बाकीच्या दाराबाहेर गेल्या की हळूच विचारते, "ताई, माझं मुक्त विद्यापीठातून बी.ए. झालंय. मला एम.एस.डब्ल्यू. करायचंय. घेतील का मला?" हळूच विचारते, कारण चारचौघींत विचारलं आणि नंतर प्रवेश मिळाला नाही तर लोक हसतील अशी धास्ती असते. म्हणून म्हटलं, आपणच हे रेडिओवर मोठ्याने बोलू. मी स्वतः ते शिक्षण घेतलेलं आहे, आणि आता बरीच वर्षं आमच्या संस्थेत क्षेत्रकार्याला येणाऱ्या मुलामुलींचं काम बघते. अर्जाचे कच्चे कागदही माझ्याकडे पुष्कळ येतात. त्या कागदांवरूनच आज बोलणार आहे.

आधी हे शिक्षण काय आहे ते थोडक्यात. एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी. कोणत्याही शाखेची पदवी झालेली बाई त्यासाठी अर्ज करू शकते. बी.एस.डब्ल्यू.च झालेलं पाहिजे अशी अट सर्वसाधारणपणे नसते. काही ठिकाणी पदवीच्या गुणांची किमान अट असते, ती त्या त्या माहितीपुस्तिकेत बघायची. दोन वर्षं, चार सत्रं. वर्गातल्या शिकवणीबरोबर आठवड्याचे साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असतं, म्हणजे दवाखान्यात, वस्तीत, बालगृहात, एखाद्या संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं आणि त्याचा अहवाल लिहायचा. ग्रामीण शिबिर असतं, शेवटी एक लघुसंशोधन असतं. पुढे यातूनच जिल्हा बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, सरकारी रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, 'उमेद'सारखी अभियानं, अशा ठिकाणच्या कामाची वाट उघडते.

आपल्या देशातली समाजकार्याची पहिली शाळा १९३६ साली मुंबईत सुरू झाली. आज आपण तिला टाटा समाज विज्ञान संस्था म्हणतो. तिचं मूळ मला फार आवडतं. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ मुंबईच्या नागपाड्यात कामगार वस्तीत एक केंद्र चालवत होते. ते काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की नुसत्या चांगल्या मनाने भागत नाही, या कामाचं शिक्षण हवं. त्यातून ती शाळा निघाली. म्हणजे आधी वस्तीतलं काम, मागून शाळा. तुमचंही तसंच आहे. काम तुम्ही आधीच करताय, शाळा मागून येते आहे. त्यात कमीपणा कसला?

मराठी मुलुखात जागा पुष्कळ आहेत. मुंबईत टाटा संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात जुनी समाजकार्य महाविद्यालयं, आणि टाटा संस्थेचं ग्रामीण भागातलं आवार आपल्या तुळजापुरात. प्रवेशाची रीत मात्र प्रत्येकाची वेगळी. टाटा संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही केंद्रीय परीक्षा द्यावी लागते. ती साधारण मार्चच्या सुमाराला होते आणि तिचे अर्ज कितीतरी आधी सुटतात. बाकी ठिकाणी कुठे स्वतःची लेखी परीक्षा, कुठे गटचर्चा, कुठे मुलाखत, कुठे पदवीचे गुण, कुठे यातलं सगळं थोडं थोडं. दरवर्षी थोडाफार बदल होतो, तेव्हा मागच्या वर्षी वहिनीने काय केलं त्यावर जाऊ नका, यंदाची सूचना वाचा. घर सोडणं शक्यच नसेल, तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं एम.एस.डब्ल्यू. आहे. ते हिंदी किंवा इंग्रजीतून करता येतं आणि दोनाऐवजी चार वर्षांत पूर्ण करायची सवलत आहे. क्षेत्रकार्य तिथेही चुकत नाही.

आता मुख्य गोष्ट. परीक्षा असो, मुलाखत असो, कधी ना कधी तुम्हाला लिहून किंवा बोलून सांगावं लागतं, की हे शिक्षण तुम्हाला का हवंय. काही ठिकाणी पानभर निवेदन मागतात. आणि माझ्याकडे येणाऱ्या दहा कागदांपैकी नऊ कागद सारखेच असतात. "मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. गोरगरिबांची सेवा करणे हे माझे ध्येय आहे. स्त्री ही समाजाचा कणा आहे." सही.

हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण समोर बसलेल्या माणसाने सकाळपासून तेच वाक्य चाळीस वेळा वाचलेलं असतं. त्यातून तुम्ही कोण, हे त्याला कळतच नाही.

असाच एक कागद मराठवाड्यातली एक ताई घेऊन आली होती. वय चौतीस, दोन मुलं, गटांची समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करत होती, म्हणजे आपण जिला सीआरपी म्हणतो ती. नाव सांगत नाही. तिच्या कागदावरही हेच, आवड आणि ध्येय. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, गेल्या वर्षभरात गटात कोणत्या गोष्टीवरून भांडण झालं ते सांग. ती जरा बावचळली. मग बोलायला लागली ती थांबेचना.

झालं होतं असं. तिच्याकडच्या एका गटात तीन जणी ऊसतोडीला जाणाऱ्या. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता निघतो तो पाडव्याच्या आसपास परत येतो. आता आपली पंचसूत्री काय सांगते? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. या तिघी पाच महिने बैठकीला नाहीत, बचत नाही, हप्ता नाही. गटाचं मूल्यांकन घसरलं. बँकेचं कर्ज अडेल या भीतीने बाकीच्या म्हणाल्या, तिघींना काढून टाका, त्यांच्या जागी गावात राहणाऱ्या घेऊ. नियमाने बघितलं तर त्या चुकीचं बोलत नव्हत्या.

ही ताई हिशेबाच्या वह्या घेऊन बसली. मागच्या तीन वर्षांच्या. तिला दिसलं, की या तिघी गावात असतात तेव्हा त्यांचा एकही हप्ता चुकलेला नाही. थकबाकी आहे ती फक्त हंगामातली. मग तिने ग्रामसंघाच्या बैठकीत विषय मांडला, की जाण्याआधी पाच महिन्यांची बचत एकरकमी भरून घ्यायची, हप्ते परत आल्यावर भरायची मुभा द्यायची, आणि बैठकीला फोनवरून हजेरी धरायची. वाद झाला. अध्यक्षबाई रागावल्या. दोन बैठका गेल्या. शेवटी ठराव झाला. तिघींपैकी दोघी गटात राहिल्या. तिसरी राहिली नाही.

मी तिला म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, "ताई, यात काय लिहायचं? हे तर रोजचंच आहे. आणि तिसरी तर गेलीच की, म्हणजे काम अर्धवटच झालं."

मैत्रिणींनो, इथेच आपण सगळ्या अडतो. जे रोजचं आहे ते आपल्याला काम वाटत नाही, आणि जे पूर्ण जमलं नाही ते सांगण्यासारखं वाटत नाही. पण निवड करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. या गोष्टीत काय काय आहे बघा. एक अडचण आहे, ती कुणी दुष्ट आहे म्हणून आलेली नाही, दोन्ही बाजूंना आपापलं कारण आहे. ऐकीव गोष्टीवर न जाता वह्या तपासल्या आहेत. लोकांना बोलतं केलं आहे, एकटीने निर्णय ठोकलेला नाही. आणि निकाल अर्धा आहे, तो अर्धाच सांगितला आहे. समाजकार्याच्या वर्गात दोन वर्षं जे शिकवतात त्याचं बी इथे पडलेलं आहे.

मग तिने पुन्हा लिहिलं. चार वेळा लिहिलं. शेवटच्या कागदात तिने एक प्रश्न घातला, तो तिचा तिलाच सुचला, मी नाही सांगितला. तिने लिहिलं, की गटाचे नियम वर्षभर गावात राहणाऱ्या बाईला समोर ठेवून केले आहेत. जी बाई अर्धं वर्ष दुसऱ्याच्या फडात असते तिच्यासाठी नियम कोण करणार, आणि तिला विचारून करणार की तिच्यामागे? मला हे शिकायचं आहे. बस, एवढंच. ध्येय हा शब्द कुठेही नव्हता.

तुम्हीही असंच करा. कागदावर आधी मोठे शब्द लिहू नका. गेल्या दोन वर्षांतली एक घटना धरा. काय झालं, त्यात तुम्ही नेमकं काय केलं, दुसऱ्यांनी काय केलं, काय जमलं, काय नाही, आणि त्यातून तुमच्या मनात कोणता प्रश्न उरला. "आम्ही केलं" आणि "मी केलं" यातला फरक स्वच्छ ठेवा. आपल्या बायकांना "मी" म्हणायला संकोच वाटतो. बचत गटात ते बरोबर आहे, पण अर्ज गटाचा नाही, तुमचा आहे. जिथे ठराव गटाने केला तिथे गट म्हणा, जिथे वह्या तुम्ही तपासल्या तिथे मी म्हणा.

आकडे वहीतून काढा, आठवणीतून नको. किती गट, किती सदस्य, किती वर्षं, किती बैठका. तुमच्या ठरावाच्या वह्या, हजेरीपत्रकं, कर्जाच्या नोंदी हा खजिना आहे. बाकी कितीतरी शहरी मुलंमुली अनुभव म्हणून दोन दिवसांचं एखादं शिबिर दाखवतात, तुमच्याकडे पाच वर्षांची दर आठवड्याची नोंद आहे. आणि ती प्लॅस्टिकच्या फायलीत जमवलेली एक-एक दिवसाच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं... असू द्या, जपून ठेवा, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. कुणी पैसे घेऊन अनुभवाचा दाखला देतो म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. मुलाखतीत दोन प्रश्नांत ते उघडं पडतं.

एका गोष्टीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

गटात काम करताना आपल्याला पुष्कळ काही कळतं. कुणाला नवरा मारतो, कुणाच्या मुलीचं कमी वयात जमवलंय, कुणाला कोणता आजार आहे. अर्ज लिहिताना वाटतं, हेच सांगावं, ऐकणाऱ्याचं मन हेलावेल. पण ती गोष्ट कुणाची आहे? तिने ती आपल्याला ओट्यावर बसून विश्वासाने सांगितली, आपल्या प्रवेशासाठी नाही. तिचं नाव, गाव, नवऱ्याचा धंदा असं काहीही लिहायचं नाही, मुलाखतीत बोलायचंही नाही. आणि नाव न लिहिताही गावातल्या माणसाला ओळखू येईल असं असेल, तर ती गोष्ट सोडून द्या, दुसरी घ्या. समाजकार्यात गोपनीयता हा पहिल्या महिन्याचा धडा असतो. अर्जातच तो पाळलेला दिसला, की वाचणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

स्वतःच्या दुःखाचंही तसंच. तुमच्यावर काही ओढवलं असेल आणि त्यामुळे तुम्ही या कामात आला असाल, तर सांगायला हरकत नाही. दोन ओळींत सांगा आणि पुढे या. सगळं पान त्यातच गेलं, तर वाचणाऱ्याला तुमची कीव येते आणि तुमचं काम त्याच्या लक्षात राहत नाही. आणि सांगायचं नसेल तर नका सांगू. तसं बंधन कुणी घातलेलं नाही.

गुण कमी आहेत, मध्ये सात-आठ वर्षं शिक्षण सुटलं होतं, हे पुष्कळजणींचं आहे. ते लपवू नका आणि रडूही नका. "बारावीनंतर लग्न झालं, नऊ वर्षांनी मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण केली, शेवटच्या वर्षाला गुण वाढले." एक वाक्य पुरे. गुणपत्रिका बाकीचं बोलते.

काही ठिकाणी शिफारसपत्र मागतात. आपल्याकडे लगेच आमदारांकडे, सरपंचांकडे धाव घेतात. साहेबांच्या लेटरहेडवर "सदर महिला माझ्या परिचयाची असून वर्तणूक चांगली आहे" एवढंच येतं. त्याने काय कळणार? ज्याने तुमचं काम डोळ्यांनी बघितलंय त्याच्याकडे जा. तालुक्याच्या समन्वयक मॅडम, अभ्यासकेंद्रावरचे शिक्षक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका, बँकेतले जे साहेब गटाची फाइल बघतात ते. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका. एका कागदावर पाच-सहा ओळी लिहून न्या, की मी अमुक साली अमुक केलं, तुम्ही तेव्हा तिथे होतात. त्यांना आठवायला सोपं जातं आणि पत्र नेमकं होतं. पंधरा दिवस आधी सांगा. शेवटच्या दिवशी दारात उभं राहिलं की पत्र घाईचंच मिळतं.

अर्जाला अजून सात-आठ महिने असतील त्यांच्यासाठी एक सुचवते. नवीन संस्था शोधत शहरात जायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समिती घ्या. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्यामुळे बायकांची नावं असतातच. बघा एकदा, कदाचित तुमचंही असेल आणि सही घ्यायला वही घरी येत असेल. या वर्षी प्रत्यक्ष बैठकीला जाऊन बसा. एक विषय धरा, मुलींच्या स्वच्छतागृहाचं पाणी म्हणा किंवा उसाच्या हंगामात शाळा सुटणारी मुलं म्हणा, आणि तो वर्षभर सोडू नका. महिला ग्रामसभेत मांडा, अर्ज द्या, पोहोच घ्या. एका विषयाचा असा पाठपुरावा हा दहा प्रमाणपत्रांपेक्षा जड असतो. रोज झोपण्याआधी चार ओळी वहीत लिहायच्या. हात वळणावर येतो, लेखी परीक्षेला उपयोगी पडतो.

आता कागदपत्रं. इथे चांगल्या चांगल्या बायका अडकतात. दहावी-बारावी माहेरच्या नावाची, पदवी कधी माहेरची कधी सासरची, आधार सासरच्या नावाचं, बँक खात्यात तिसरंच. अर्जाच्या वेळी हे सगळं एकदम वर येतं. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, आणि लागणार असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून आत्ताच. जातीचा दाखला माहेरच्या कागदांवरूनच निघतो, लग्नाने जात बदलत नाही, तेव्हा तो सासरच्या नावावर करायचा खटाटोप नको. उत्पन्नाचा दाखला ताजा लागतो. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागतं, ते जुन्या विद्यापीठातून मागवायचं. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर महाडीबीटीवर भरायचा असतो, त्याला आधारशी जोडलेलं स्वतःच्या नावाचं खातं हवं. नवऱ्याबरोबरचं संयुक्त खातं आहे म्हणून गप्प बसू नका, स्वतःचं उघडा.

मुलाखतीचं सांगते. प्रश्न पाठांतराचे नसतात. समजा, विचारलं, "एका बाईला नवरा मारतो, पण तक्रार द्यायची नाही म्हणते. तुम्ही काय कराल?" आपल्यापैकी निम्म्याजणी म्हणतील, मी तिला ओढत पोलीस ठाण्यात नेईन. निम्म्या म्हणतील, मी नवऱ्याला समजावीन. थांबा जरा. ती सज्ञान बाई आहे. तक्रार द्यायची की नाही हा निर्णय तिचा. आपण आधी तिचं ऐकायचं, आज रात्री ती आणि मुलं सुरक्षित आहेत का ते बघायचं, दवाखान्याची गरज आहे का बघायचं. तिच्यासमोर वाटा ठेवायच्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, सखी केंद्र आहे. ती आज नाही म्हणाली तरी आपलं दार उघडं ठेवायचं. मग समोरचे लगेच पुढचा प्रश्न टाकतात, "आणि तिच्या जागी बारा वर्षांची मुलगी असेल, आणि प्रकार लैंगिक अत्याचाराचा असेल तर?" इथे उत्तर बदलतं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तिथे "बघू, घरात मिटतंय का" चालत नाही. हा फरक ज्या बाईला उमगला ती पुस्तक न वाचताही पुढे असते.

चालू घडामोडींवर विचारतात. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तुमच्या गावात तसं होईल का? नुसतं "हो, छान आहे" म्हणू नका. तुमच्या गावात हळदीकुंकवाला कोणाला बोलावतात, कोणाला नाही, ठराव झाला तर आधी कुणाचा विरोध होईल, बायकांचाच होईल का, हे तुम्हाला माहीत आहे. पुण्या-मुंबईच्या मुलीला ते वाचून सांगावं लागतं. तसंच २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या भागातल्या बाईला यावर बोलता आलं पाहिजे. रोज एक वर्तमानपत्र वाचा, गावात येत नसेल तर मोबाइलवर. आणि गटचर्चेचा सराव तर आपण दर आठवड्याला करतोच, फक्त तिथे एकदम सगळ्या बोलतात, ते तेवढं टाळा. दुसरीचं बोलणं पुरं ऐकून "ताई म्हणाल्या त्यात मला एक भर घालायची आहे" असं म्हणता येणं, यालाही गुण असतात.

आणखी एक प्रश्न बायकांना हमखास येतो, "घरी लहान मुलं आहेत, कसं जमवाल?" पुरुषांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. राग येतो. येऊ दे, पण उत्तर तयार ठेवा, कारण मुलाखतीआधी तो घरातही सुटलेला बरा. क्षेत्रकार्याच्या दिवशी सकाळी निघून संध्याकाळी उशिरा परत येणं होतं. शिबिराला आठवडाभर बाहेर राहावं लागतं. फीखेरीज एसटीचा खर्च, वसतिगृह किंवा खोलीचा खर्च, अहवालांच्या छपाईचा खर्च असतो. हे सासूबाईंना, नवऱ्याला आधी स्वच्छ सांगा. "फक्त कॉलेज आहे" असं सांगून सुरुवात केली, की पहिल्या शिबिराला घरात वादळ उठतं आणि अभ्यास तिथेच थांबतो, असं मी बघितलंय. मुलं कुणाकडे राहतील, गटाचं काम कोण घेईल, पैसे कुठून येतील, हे कागदावर मांडून घरच्यांसमोर ठेवा. मघाच्या ताईने सीआरपीचं काम सोडताना आपल्या जागी दुसरी बाई तयार केली, दोन महिने तिला सोबत फिरवलं. मुलाखतीत तेही विचारलं गेलं, आणि तिला सांगायला काही होतं.

तिला विचारलं होतं, "तिसरी गट सोडून का गेली?" ती म्हणाली, "एकरकमी बचत भरायला तिच्याकडे पैसे नव्हते. आम्ही केलेला नियम तिला परवडला नाही." पुढे काही सारवासारव केली नाही. तिला प्रवेश मिळाला, पहिल्या यादीत नाही, दुसऱ्या यादीत. तेव्हा पहिल्या यादीत नाव दिसलं नाही म्हणून कागद गुंडाळून ठेवू नका, पुढच्या याद्या बघा, आणि अर्ज एकाच ठिकाणी न करता तीन-चार ठिकाणी करा.

फोनवर एका ताईंनी विचारलंय, इंग्रजी येत नाही, मग काय? आपल्या विद्यापीठांच्या बऱ्याच महाविद्यालयांत मराठीतून लिहिता-बोलता येतं, ते माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. टाटा संस्थेसारख्या ठिकाणी शिकवणं इंग्रजीतून असतं, तिथे वाचनाची तयारी आधीपासून करावी लागेल. पण निवेदन दुसऱ्याकडून भारी इंग्रजीत लिहून घेऊ नका. मुलाखतीत तुम्ही एक बोलता आणि कागद दुसरंच बोलतो, हे लगेच दिसतं. आधी मराठीत स्वतः लिहा, मग कुणाची मदत घेऊन त्याचं साधं इंग्रजी करा, आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ स्वतःला सांगता येतो का ते बघा.

मी मंगळवारी दुपारी दोन ते चार रेडिओ केंद्रावर असते. कच्चा कागद घेऊन या, खाडाखोड असली तरी चालेल, उलट असलेली बरी. येताना गटाची ठरावाची वही आणा, आणि दाखल्यांच्या झेरॉक्स आणा. मूळ कागद घरीच ठेवा.